मेंढ्या, व्याही आणि माझे दोन हात

कोचकोर, मंगळवार

आदरणीय शेरालीमामा यांना धाकटा भाचा कुबात याचा वाकून सलाम.

तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? घोड्या दूध देतायत ना, कुरणावर गवत भरपूर ना, आणि तो फाटक्या कानाचा बोकड अजून माजलेलाच ना? इकडे आम्ही सगळे मजेत. (म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, जीपार बोलत नाही, आणि बाबा जे बोलतात ते न बोलले तर बरं. पण तब्येती ठणठणीत.)

शनिवारचं तुमच्या कानावर काहीतरी आलंच असेल. लोकांनी आणखी तिखटमीठ लावण्याआधी खरं काय ते माझ्याकडून ऐका, कारण या विषयातला जाणकार या खोऱ्यात माझ्याशिवाय दुसरा नाही. हे मी गर्वाने नाही, नाइलाजाने सांगतोय.

माझा विषय तुम्हाला ठाऊकच आहे. तीन उन्हाळे तुमच्या मेंढ्यांमागे बसून मी सिद्ध केलं की कळपाला पुढारी लागत नाही. प्रत्येक मेंढी शेजारच्या दोनचार मेंढ्यांकडे बघते, त्या वळल्या की ही वळते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "अरे, हे सांगायचा विद्यापीठ तुला पगार देतं?" देतं, मामा. (वेळेवर नाही, पण देतं.) पाखरांचे थवे, सभेतल्या टाळ्या, बाजारातल्या अफवा, सगळं असंच एक जाळं असतं. कोण कोणाकडे बघतं एवढं कळलं की पुढचं सगळं मी सांगू शकतो.

तर शनिवारी तुमच्या भाचीचं, जीपारचं, लग्न पक्कं करायला तलासहून व्याही आले. मुलगा बेक्तुर जनावरांचा डॉक्टर आहे, आणि तो तिने स्वतः पसंत केलाय, त्यामुळे बोलणी अशी काही उरलीच नव्हती. मोठ्यांनी एकमेकांना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी भरवायची, की सोयरीक झाली, इतकं सोपं काम. मला बसवलं होतं तुरसुनायआजीच्या शेजारी, तिची चहाची वाटी सांभाळायला. (बाबांची आत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात माझ्याबद्दल कायमचा संशय.) ती सगळ्यात वडील, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक तिच्याकडे बघून घास घेत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चहा आला. समोवारचा धूर माझ्या डोळ्यांत गेला. मी दोन्ही तळव्यांनी डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं. बस्स, माझा गुन्हा एवढाच! पण आपल्यात असं तोंडावरून हात कधी फिरवतात? जेवण आटोपलं, दुवा मागून झाली, की. आजीला वाटलं दुवा झाली आणि आपल्याला ऐकूच आली नाही. शरमेने तिने झटकन तोंडावरून हात फिरवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओमीन!"

मामा, काय सांगू! तिच्या शेजारच्याने हात फिरवले, त्याला बघून पलीकडच्याने, आणि लाट सरसरत दारापर्यंत गेली. व्याह्यांचे म्हातारे बेगाली तोंडात अख्खा तळलेला बोरसोक कोंबलेला असताना ओमीन म्हणाले आणि उठले. ते उठले म्हणून सगळे उठले. त्याच क्षणी आई चरबी-कलेजीचं ताट घेऊन दारात. इतकं देखणं उदाहरण मला विद्यापीठाच्या संगणकावरही कधी मिळालं नव्हतं! (हे मी तिथेच मोठ्याने बोललो, ती मात्र चूक झाली.)

ओमीन झाल्यावर परत बसायचं कसं? त्यांना वाटलं, मटण दाखवायच्या आधीच आपल्याला वाटेला लावलं. आपल्या लोकांना वाटलं, हे कलेजी नाकारून उठले. दोन्हीकडे मान ताठ, कोणी कोणाला थांबवेना. गाड्या निघाल्या. बेक्तुर काचेतून मागे बघत होता, आणि जीपार चहाची किटली हातात घेऊन अंगणात उभी होती, गाड्या दिसेनाशा झाल्या तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एकच प्रश्न, सुरुवात कोणी केली? सगळ्यांना वाटत होतं, बेगालींनी. म्हटलं, थांबा, शास्त्राला विचारू. मी बोरसोक मांडले, एक माणूस एक बोरसोक, जसे बसले होते तसे. मग घरातल्या प्रत्येकाला विचारत गेलो, तू कोणाला बघून हात फिरवलेस? बेगालींच्या बोरसोकावरून निघालो तो त्यांच्या शेजारच्या काकांवर, काकांवरून मावशीवर, मावशीवरून आजीवर. आजी म्हणाली, "मी या शहाण्याला बघितलं." सगळे बोरसोक एकाच बोरसोकाकडे आले, आणि तो मी. आईने तो उचलून माझ्या हातात ठेवला. "खा," म्हणाली. त्यानंतर ती बोललेली नाही.

पण काळजी नसावी. एक माणूस जाळं बिघडवू शकतो तर एक माणूस ते सावरूही शकतो. सिद्धांत माझ्या बाजूने आहे.

मामींना सलाम, बोकडाला दोन रट्टे.

तुमचा
कुबात

ता. क. बाबांनी काल तलासला फोन केला. बेगाली म्हणाले, शेराली मानाच्या जागी बसणार असतील तर शुक्रवारी येऊ, ते असते तर असला पोरखेळ झाला नसता. तेव्हा हे पत्र मिळताच निघा. मेंढ्या एकमेकींकडे बघतील.

आणखी एक. जीपारने आत्ता हे पत्र वाचलं आणि शनिवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "दादा, समोवार अंगणात होता." होता. धूरबीर काही नव्हता. शनिवारी तिने माझ्या चहात न विचारता जर्दाळूचा मुरंबा ढवळला, लहानपणापासून ढवळते तसा, आणि एकदम मनात आलं की आता हा आपल्यालाच ढवळावा लागणार. मला फार रडू आलं, मामा. बाकी काही झालं नव्हतं.

शेवटचं. वाटीचं काम आता मला कोणी देणार नाही आणि मानाच्या जागेजवळ बसायला मी लहान आहे, पण तुम्ही बोलावलंत तर कोण अडवेल? मला शेजारी घ्या आणि चहा आला की माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवा. आई सांगायची, तिच्या पाठवणीच्या दिवशी तुम्ही घोड्याला पाणी पाजायचं निमित्त करून सारखे बाहेर जात होतात, आणि घोडा शेवटी पाणी बघून पळायला लागला. तेव्हा तुमचेही हात मी धरतो.