मर्यादेच्या आत

माय,

तू गेलीस तेव्हा मी नागपूरच्या वसतिगृहात होते. घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, त्यामुळे तुझ्याशी शेवटचं बोलणं असं काही झालंच नाही. आज गोंदियाजवळ फुलचूरला माझ्या घरी बसून लिहिते आहे, कारण एक गोष्ट इतकी वर्षं मनात घोळते आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणापुढे मांडता येत नाही.

तू भारी संशयी होतीस. नवा हातपंप बसला तेव्हा त्याचं पाणी आधी गाईला पाजलंस, आणि दुसऱ्या दिवशी गाय धडधाकट उभी दिसली तेव्हाच आमची घागर भरलीस. आयोडीनचं मीठ तर घरात येऊच दिलं नाहीस. आत्याच्या गळ्याला गलगंड होता, डॉक्टरांनी तेच मीठ खायला सांगितलं होतं, तरी तुझं एकच, "मिठात औषध मिसळून राह्यले. फुकटात कायले मिसळतीन कोनी?" मला तुझी लाज वाटायची. मिठाच्या बाबतीत तू चुकीचीच होतीस, हे मी तेव्हाही सांगितलं असतं आणि आजही सांगते. पण दुधाच्या बाबतीत मला अजून सांगता येत नाही.

तू गावच्या बालवाडीत मदतनीस होतीस. सकाळी मोठ्या गंजात पाणी उकळायचीस, त्यात पावडर कालवायचीस, आणि जंगलाकडच्या टोलीवरची, त्या लहान वस्तीतली पोरं आपापली वाटी घेऊन ओळीत बसायची. पुष्कळांच्या पोटात दिवसातलं पहिलं काही जायचं ते तेच दूध. मी शाळेत असताना एका वर्षी रशियातलं अणुवीजघर फुटल्याची बातमी रेडिओवर आली होती. रशिया कुठे आणि कामठ्याजवळचं आपलं गाव कुठे! पण पुढे कधीतरी परदेशी अक्षरांची पोती बालवाडीत आली, आणि त्याच सुमारास शाळेतल्या गुरुजींनी बालवाडीच्या दारात पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. त्या स्फोटातलं विष ढगातून गवतावर, गवतातून गाईंच्या दुधात उतरलं होतं, आणि काही देशांनी बाहेरून आलेली दुधाची पावडर बंदरावरूनच परत पाठवली होती. तू हातातली पळी खाली ठेवलीस आणि पोत्याचं तोंड बांधलंस. पोरांना रिकाम्या वाट्या घेऊन घरी पाठवलंस.

चार दिवसांत गोंदियाहून जीप आली. पर्यवेक्षिका बाई चांगल्या होत्या, चढ्या आवाजात बोलणाऱ्या नव्हत्या. मी शाळा बुडवून दाराशी उभी होते.

"बाई, टेस्टिंग हो चुकी है," त्या म्हणाल्या. "जे काही आहे ते मर्यादेच्या आत आहे."

"मंग अंदर काही हाय म्हना ना," तू म्हणालीस.

"अहो, सगळ्यातच थोडं असतं. मातीत असतं, आपल्या अंगात असतं."

"मर्यादा कोनं ठरवली?"

बाईंनी गंजात पावडर कालवायला लावली आणि सगळ्यांसमोर पेलाभर दूध पिऊन दाखवलं. तू त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतलास. मग म्हणालीस, "तुमी आज पेल्या न् गोंदियाले जासान. हे पोट्टे रोज पेतेत. याइले दुसरं काही भेटत नाही."

तुझं काम गेलं. दुसरी बाई आली, तिनं दूध वाटलं आणि गावातली पोरं प्याली. त्यांना काही झालं नाही. निदान आम्हाला दिसलं असं काही झालं नाही. टोलीवरच्या एका मावशीनं मात्र तुझा शब्द मानला. तिनं आपल्या धाकट्याला बालवाडीत पाठवणंच बंद केलं. पावसाळ्यात त्याला हगवण लागली आणि दोन दिवसांत तो गेला. तो आधीच काटकुळा होता. लोक म्हणाले, दूध पीत असता तर तगला असता. तू टोलीवर जाऊन मावशीजवळ बसलीस, आलीस, चूल पेटवलीस. त्यानंतर मात्र तुझा संशय गप्प झाला, आणि ते मला जास्त अवघड गेलं.

पुढे मी अन्नातला किरणोत्सार मोजायच्या कामालाच लागले. जपानच्या किनाऱ्यावरची अणुभट्टी बिघडली तेव्हा मला तिकडे पाठवलं होतं. लोकांना गावांतून हलवलं होतं. धानाच्या बांध्यांतली, शेतांतली माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरून ठेवली होती. भाताचं प्रत्येक पोतं यंत्राखालून जात होतं. आणि काय सांगू, अशा अपघातात पोरांना आयोडीनच्या गोळ्या देतात, गळ्यातल्या ग्रंथीला विष चिकटू नये म्हणून. नंतर एका परदेशी बैठकीत बसले. अपघातानंतर देशोदेशी जाणाऱ्या धान्यादुधात किती चालेल, ती मर्यादा तिथे चर्चेला होती. माय, मर्यादा माणसंच ठरवतात. चहा पीत, आकडे मागेपुढे करत ठरवतात. मी विचारलं, माणूस दिवसाला किती भात खातो असं धरलंय? सरासरी, ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे तिन्ही वेळा भातच असतो, आणि काही पोरांना दुधाखेरीज काही नसतं. अध्यक्षांनी शांतपणे समजावलं, की लहान मुलांचा हिशेब वेगळा केला आहे आणि वर सुरक्षेसाठी भरपूर वाव ठेवला आहे. त्यांचं बरोबर होतं, मी स्वतः गणित करून पाहिलं. तरी त्यांच्या आवाजातला तो शांतपणा मला आवडला नाही. इतकं शिकूनही मी तिथे तुझीच पोरगी होऊन बसले होते.

त्या परदेशी पोत्यांत काय होतं ते शोधायचा मी प्रयत्न केला. कुठेच काही उरलेलं नाही. माझ्या अंदाजानं पोरांना अपाय झाला नसता. पण अंदाज म्हणजे मोजमाप नव्हे, आणि मोजलं असं सांगणाऱ्यांनी खरंच मोजलं होतं का, याचीही मला खात्री नाही.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. जिचा धाकटा गेला ती टोलीवरची मावशी अजून आहे, डोळ्यांनी अधू झाली आहे. मी काय काम करत होते हे तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "तू तं मशीननं पाह्यतेस म्हन्ते. खरं सांग व बाई, तुही माय बरोबर होती का? त्या दुधात होतं का काही?"

मी म्हटलं, "होतं, मावशी."

तिनं हात सोडला, आणि मग हळूहळू रडली. हलकं झाल्यासारखी रडली. माय, मला काही ठाऊक नव्हतं. उद्या तिनं पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगेन.