मरून ठिपका

पनवेल, मंगळवार, १४ मे १९९६. संध्याकाळ.

दुरुस्त करून आणलेला मदरबोर्ड बसवला, कॉम्प्युटर चालू झाला, पण मराठी अक्षरं गेली. ज्याच्यावर मी लग्नपत्रिका करते, ते कॉम्प्युटरमधलं मराठी अक्षरांचं कार्ड फक्त माझ्या जुन्या मदरबोर्डवरच चालतं. म्हणजे बोर्ड बदललाय! वाशीतल्या दोन रिपेअरवाल्यांनी "भंगारात टाका" म्हणून वाटेला लावलं, म्हणून तर बाजारातल्या या रिपेअरवाल्याकडे दिला. अदलाबदल नको म्हणून त्यावर माझ्या मरून नेलपॉलिशचा ठिपकाही दिला होता.

तशीच परत गेले. तो म्हणाला, "ताई, आमी कशाला बदलू? तुमचाच हाय. ठिपका बघा की."

ठिपका होता. अगदी त्याच जागी. घरी आले.

रंग वेगळा वाटतोय म्हटलं, तर हे म्हणतात, वाळल्यावर रंग बदलतो. बदलतो का? आत्ता तीच बाटली नखाला लावली, वाळू दिली, बोट बोर्डाशेजारी धरलं. नख मरून. ठिपका लालभडक.

शनिवारी पत्रिका द्यायच्यात. आता कुणावर विश्वास ठेवू? त्याच्या फळीवर दुरुस्त झालेले बोर्ड मांडले होते, प्रत्येकावर ठिपका. तेव्हा मला वाटलं, बाकीची गिऱ्हाइकंही माझ्यासारखीच हुशार दिसतात.

आता आठवतंय. सगळे ठिपके लालभडक होते.