मोहिनीच्या नावाशेजारची नावं

रावेर
ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस आजीचा आशीर्वाद. इकडे आम्ही बठ्ठे, घरचे सगळे, मजेत. म्हैस व्यायली, पारडी झाली.

केळीच्या मर रोगावरचा तुझा लेख छापून आला, तो तुझ्या बापानं, चुडामणनं, कागदावर काढून आणला. चुडामण नावं वाचत गेला, मी ऐकत गेले. ब्राझीलचा एक, जपानची एक बाई, फिलिपिन्सची दोघं, आणि मधेच आपली मोहिनी चुडामण महाजन! तिथं मी बोट ठेवलं ते उचलवेना.

तू फोनवर म्हणालीस ना, आजी, मर काय पासपोर्ट काढून येतो का? फिलिपिन्सवाल्यांनी तो आपल्या आधी सोसला, यंत्र जपानच्या बाईकडे, रोगट खोडं आपल्या बागेतली. कुणा एकाजवळ बठ्ठं नाही. मला पटलं बाई.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की ती माणसं आपल्या बागेत येतात. अनवाणी. तोंडावर पानांचा हिरवा उजेड. जपानची बाई खोडाला कान लावून आत चढणारं पाणी ऐकते. कुणाची भाषा कुणाला येत नाही, तरी मला सगळं कळतं. मी म्हणते, जेवून जा गं. ती हसते.

नऊ तारखेला, रविवारी, मांडे केले. का, ते सांगते, घाई नको करू. शिंदखेड्याहून पाव्हणे आले होते. तुझ्यासाठी. तू दोन वर्षं फिलिपिन्सला जाते म्हणतेस, बाप म्हणतो आधी लग्न, त्यातलंच हे. त्यानं कौतुकानं तो कागद दाखवला. मुलाची आई म्हणे, "इतला नावं? मंग त्यामा पोरनं काय शे?"

इतक्या नावांत तुझं काय, असं तिला वाटलं. मी म्हटलं, "अक्का, ताटातला मांडा कुणाचा? कणीक शेजारच्या सुमनबाईनं तिंबली, हातावर मी फिरवला, खापराखालचा जाळ सुनेनं राखला. एकीचा हात काढा, फाटलाच समजा."

मुलाचे वडील हसले. बाई नाही. "मंग लगीन झाल्यावर परदेस बंद ना?"

चुडामण हो म्हणणार, तेवढ्यात मला माझी साक्रीची माहेरची बोली सुटली. "पोर जाई. थांबनं व्हई ते थांबा, नही ते चहा ल्या."

त्यांनी चहा घेतला आणि शिंदखेड्याची वाट धरली.

तेव्हापासून तुझा बाप माझ्याशी बोलत नव्हता. काल जेवायला बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "तिकडे थंडी असते का?" नसते ना गं? मी सांगितलं, उकडतं. आता त्यालाच फोन कर. तिकडचं हवापाणी त्यालाच तुला विचारू दे, मी सांगितलं म्हणू नको.

तुला स्वतःच्या तोंडानं जा म्हणालेली,
तुझी आजी
कोकिळा