आडाचं घर

१ मार्च १९८६, शनिवार

आज मी एका बाईचं डोकं फोडलं!

टँकर सकाळी येणार म्हणून पाचपासून रांगेत उभी. आला साडेदहाला. तो थांबायच्या आत बाया वर चढल्या. गल्लीतल्या साखराबाईनं माझी घागर पायानं लोटली आणि आपली कळशी पाइपाखाली लावली. मी घागर उचलली आणि तिच्या कपाळावर हाणली. पितळेची घागर. रक्त तिच्या डोळ्यात उतरलं, तरी बाईनं पाइप सोडला नाही. मग मीही सोडला नाही.

घरी आणलेलं पाणी लालसर दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, "रगात कुनाचं हाय गं?" म्हटलं, माझं नाही. "मग झालं," म्हणाल्या आणि फडकं लावून गाळायला बसल्या.

३ मार्च

साखराबाईला सात टाके. तिचा नवरा दारात उभा राहून माझ्या सात पिढ्या उद्धरून गेला. मी आत बसून ऐकलं. एकही शिवी खोटी वाटली नाही.

७ मार्च

ह्यांचं पत्र आलं! दोनदा वाचलं, मग लेकीकडून, नीलम्माकडून मोठ्यानं वाचून घेतलं. बदली होणार — जूनपासून — सरहद्दीवरून थेट आपल्या जिल्ह्यात! लातूर जिल्हा झाल्यापासून जे निघेल ते लातूरलाच निघतं. आता नांदेडच्या रस्त्याला ह्यांच्या फोर्सचा नवा कॅम्प झालाय. तिथं नव्या पोरांना शिकवायला 'उस्ताद' म्हणून हे येणार.

फक्त कॅम्पात कुटुंबासाठी क्वार्टर अजून बांधलेली नाहीत. म्हणून लिहितात — कॅम्पापासून दोन मैलांच्या आत घर बघ. भाड्याचं नको, आपलं पाहिजे. राहण्याची सोय झाली असं तू स्वतः कॅम्पात जाऊन सही करून दिलंस की मगच ऑर्डर पक्की. पंधरा जूनच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाते.

लग्नाला अकरा वर्षं झाली. वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी. सगळा संसार एकत्र केला तरी दोन वर्षं भरत नाहीत. नीलम्मा नऊ वर्षांची आहे, आणि बाप आला की पाहुण्याला द्यावं तसं पाणी नेऊन ठेवते. आता तिला बाप मिळेल. मला माझं घर मिळेल. शिरूर सुटेल, टँकर सुटेल!

१४ मार्च

घरासाठी ह्यांच्या वाट्याची जमीन विकावी लागणार. थोरल्या दिरांना, धोंडप्पांना, आज सांगितलं. बैल सोडत होते. म्हणाले, "जमिनीचे कागद उस्मानाबादेत हायेत. जिल्हा नवा झाला, कागद जुन्या जिल्ह्यातच पडून हायेत. बाईमानूस आननार हाय का?"

म्हटलं, आणते.

तर हातातला कासरा पाठीवर ओढला. दोनदा. "लई शानी झालीस!" सासूबाई समोर ज्वारी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. संध्याकाळी नीलम्मानं वळांवर तेल लावलं.

२१ मार्च

कागद आणले! दोन दिवस, चार एस.टी. आणि एका कारकुनाशी कडाक्याचं भांडण.

५ एप्रिल

घरं बघून बघून पायांचे तुकडे पडले. एकाला छप्पर नाही, एकाच्या मालकाला 'फौजीबिजी' नको, एकाच्या दारासमोर मेलेली गाय — चार दिवसांची, उचलायला कुणी नाही.

आणि आज करीम मिस्त्रीचं घर! कॅम्पापासून दीड मैल. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं लिंब. आणि मागच्या अंगणात आड. घरचा आड! पोहरा सोडला, दोर हलका झाला, आणि खालून पाण्याचा आवाज आला. या उन्हाळ्यात! मला रडूच आलं. करीम मिस्त्री कानकोंडे होऊन पत्र्याकडे बघत राहिले.

ते का विकतात ते विचारलं. "पान्याबिगर माल कसा कालवायचा, बाई? जिल्ह्याची समदी बांधकामं बंद हायेत. तिकडं विष्णुपुरीला धरनाचं काम हाय, कालेजचं हाय. गोदावरीला पानी हाय. तिकडंच चाललो."

त्यांची बायको रईसा हिनं आधी मला नीट बघून घेतलं. मग आडाजवळ नेलं. वस्तीवरची बावीस घरं ह्या आडावर जगतात. घराला दोन घागरी. आदल्या संध्याकाळी जो तो आपली रिकामी घागर आणून रांगेत ठेवतो, सकाळी त्याच रांगेनं पाणी. जात विचारायची नाही, पुढं घुसायचं नाही. दोन दुष्काळी वर्षांत एकदाही भांडण झालं नाही म्हणाली. मला साखराबाईचं कपाळ आठवलं. मान खाली घातली.

"घर देते बाई," रईसा म्हणाली, "पर रांग बी घरासंगंच येते. आडाला झाकन घालनार असशील तर आत्ताच बोल. दुसरं गिऱ्हाईक बघते."

मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून शब्द दिला. आमच्यात याच्यापुढं शपथ नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

१९ एप्रिल

शिरूरला लोकांनी टँकरवाल्याला खाली ओढून मारलं. उजवा हात मोडला. आता आठ दिवस टँकर नाही. शहाणे लोक!

४ मे, रविवार

हे आले. नांदेडला गाडीतून उतरून एस.टी.नं. वाळलेत. झोपेत दात खातात.

जेवताना नीलम्मानं कासऱ्याची गोष्ट सांगून टाकली. मी डोळे वटारले, पण उशीर झाला. ह्यांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतले, चूळ भरली. मग थोरल्या भावाला खांद्यावर हात ठेवून गोठ्यात घेऊन गेले. दावणीला बांधलं आणि त्याच कासऱ्यानं मारलं. धोंडप्पांचे दोन दात पडले, एक बरगडी गेली. सासूबाई दारावर डोकं आपटत होत्या — "शिवलिंगा, भाऊ हाय रे तुजा!" अर्ध्या तासानं धोंडप्पांनी जमिनीच्या कागदांवर सही केली. कागदावर लाळ आणि रक्त पडलं होतं. ह्यांनी ते अलगद टिपून घेतलं.

खरं लिहिते. मला बरं वाटलं. गोठ्यातून आवाज येत होता, मी भाकऱ्या थापत होते, आणि प्रत्येक भाकरी टम्म फुगत होती.

१३ मे, मंगळवार

जमीन विकून पैसे हातात आले, काल बसवजयंती झाली, आज रजिस्ट्री! घर माझ्या नावावर! हे म्हणाले, "मी आज इथं, उद्या कुठं. सह्यांना कोन येनार? तुझंच नाव राहू दे." आयुष्यात पहिल्यांदा माझं पूर्ण नाव कुणीतरी टाइप केलेलं बघितलं — महानंदा शिवलिंग.

करीम मिस्त्रींनी सामान ट्रकात घातलं. रईसाचा रोजा होता, ओठ फुटले होते. जाता जाता रांगेतल्या घागरी एकदा सरळ करून गेली. नीलम्मा तीनही खोल्यांतून पळत सुटली.

१६ मे

ह्यांनी आडावर लोखंडी पत्र्याचं झाकण बसवलं. वर कुलूप. किल्ली गळ्यात.

म्हटलं, मी शब्द दिलाय. लिंगाला हात लावून दिलाय. म्हणाले, "तू दिला. मी न्हाई दिला. आज पानी नेतील, उद्या आडावर हक्क सांगतील. लोकं मला ठाऊक हायेत."

सकाळी बावीस घरांच्या घागरी रांगेत होत्या. दुपारपर्यंत तशाच. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड मारला नाही. एकेकजण येऊन आपापली रिकामी घागर उचलून घेऊन गेला. मी खिडकी लावून घेतली.

१८ मे

लिहायला हात वळत नाही. पण लिहिणार.

पंचशीला आली. रांगेत तिची घागर पहिली असायची. तान्हं पोर आहे, अडीच महिन्यांचं. मला म्हणाली, "ताई, एक घागर द्या फकस्त. दूध आटलंय माजं." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, जा. ती गेली नाही. झाकणाच्या कडेला बसली.

ह्यांनी मोजलं. एक. दोन. तीन. मग काठी. तिच्या उजव्या मनगटावर, एकदाच. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिचा नवरा धावत आला. त्याला गुडघ्यावर मारलं, तो वाकला, मग मानेला धरून त्याचं तोंड आडाच्या दगडी काठावर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा नाही. पुरेसं झालं होतं.

ह्यांना धापसुद्धा लागली नाही. मी साखराबाईला मारलं तेव्हा मला डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. ह्यांना सगळं दिसत होतं. कुठं मारायचं, किती मारायचं, कधी थांबायचं. मला म्हणाले, "रागानं मारलं तर मानूस मरतो. मोजून मारायचं असतं."

मग कुलूप काढलं, एक पोहरा पाणी शेंदलं आणि काठी धुतली.

२० मे

कुणी पोलिसात गेलं नाही. फौजी माणसाविरुद्ध कोण जाणार? वस्ती आता डबक्यातलं पाणी आणते. कॅम्पाच्या पलीकडं, तीन मैल.

२४ मे

नीलम्मानं आपल्या अंघोळीचं पाणी तांब्यात भरून पंचशीलाच्या पोराला नेऊन दिलं. ह्यांना अंगणात ओल्या पावलांच्या खुणा दिसल्या.

मारलं नाही. तिला आडाच्या झाकणावर उभं केलं. अनवाणी. दुपारी दोन वाजता, मेच्या उन्हात, लोखंडी पत्र्यावर. "सावधान!" म्हणाले. पोर हात मांडीला लावून उभी राहिली.

मी धावले. ह्यांनी मोजलं — "एक."

आणि मी थांबले! घागरीनं डोकं फोडणारी मी, कासऱ्याला न भिणारी मी — 'एक' म्हटल्यावर पाय जमिनीत रुतले. दहा मिनिटं. मी उभी, ती उभी. ती रडली नाही. शेवटी आपोआप खाली पडली.

तळपायांची कातडी सोलून निघाली आहे. दही लावते. ती दर वेळी म्हणते, "आई, आवाज करू नको."

थू माझ्यावर!

३० मे

हे खुशीत आहेत. पुढच्या खोलीत आपली पेटी कुठं ठेवायची, दोरी कुठं बांधायची, सगळं ठरलं. "आता तीन वर्षं इथंच. मग इथूनच पेन्शन. पोरगी लाडावलीय, वळनाला लावतो." नीलम्मा भिंतीकडं तोंड करून पाढे म्हणत होती. तेराच्या पाढ्यात अडकली.

२ जून

हे परत गेले. तिकडचा चार्ज देऊन सोळा तारखेला कायमचे येणार. किल्ली मला देऊन गेले. पाणी कुठवर आहे ते दोराला गाठ मारून ठेवलंय. "आल्यावर बघनार. अन् कॅम्पातली सही इसरू नको."

४ जून

झाकण काढलं. काल संध्याकाळी घरोघर सांगून आले होते, घागरी आणा. बारा आल्या. दहा घरं आली नाहीत.

पंचशीला आली. हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं शेंदायला लागली. मी दोर धरायला गेले तर म्हणाली, "सोडा." सोडला. बरोबर आहे तिचं.

७ जून

नीलम्मा आता टाचांवर चालते. आज विचारलं, "सोळा तारखेला किती दिवस राहिले?" सांगितलं. त्यानंतर जेवली नाही. गेले तीन दिवस अंथरूण ओलं करतेय, आणि स्वतःच धुऊन वाळत घालते, मला कळू नये म्हणून.

९ जून, सोमवार

कॅम्पात गेले. कारकून भला माणूस. बसायला खुर्ची दिली, ह्यांचं नाव असलेला कागद काढला. म्हणाला, "बोला बाई. घर मिळालं का?"

म्हटलं, "नाही हो. लई बघितलं. नाही मिळालं."

त्यानं तसं लिहिलं. मी खाली सही केली.