राणीच्या बागेतली गाठ

आबा, माझा मुलगा म्हणतो, आई, येत्या रविवारी मुंबईला जाऊ, तुझे डोळे दाखवू, आणि जमलं तर मुंबईही हिंडू. सून म्हणाली, काय काय बघायचं ते लिहून ठेवा. म्हणून जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन कोऱ्या बाजूला लिहायला बसले. पहिलंच नाव आलं राणीची बाग, आणि पुढं हात चालेना. पान वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याच्यावरच तुम्हाला लिहिते आहे.

अशी यादी मी तेव्हाही केली होती. नुकतीच मॅट्रिक झालेली मी. लासुर्ण्याहून तुमच्याबरोबर मुंबईला जायला पाट्या वाचणारं दुसरं कुणी घरात नव्हतं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं गेलंच आहे, समोरचंही वर्षा-दोन वर्षांत जाईल, म्हणाले. मला वाटलं, तुम्ही मटकन खाली बसाल. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि म्हणालात, "मग बघन्याजोगं काय हाय ते आत्ताच दाव. वाच ती यादी." मी वाचत गेले. अपोलो बंदर, चौपाटी, म्युझियम, म्हातारीचा बूट. "बुटात म्हातारी हाय का?" "न्हाय आबा, नुसता बूटच." "मग ऱ्हाऊ दे. वाघ दाव आदी."

मला त्या शहराची भीती बसली होती. ट्रामची घंटा वाजली की पाय गार पडायचे. बागेच्या दारात रविवारची गर्दी बघून तुम्ही तुमच्या उपरण्याचं टोक माझ्या पदराला बांधलंत, बैलाच्या कासऱ्याला मारता तशी गाठ. "आता कुटं जातीस?" आणि खरं सांगते, त्या गाठीनं मला धीर आला होता. हत्तीपाशी चार-पाच बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "अगं बाई, नवरदेव बघा!" दुसरी म्हणते, "नवरदेव कसला? म्हातारबानं लेकीला दावं लावलंय." सगळ्या खिदळल्या. तुम्हीही हसून म्हणालात, "पळती वो माजी!" माझे कान लाल झाले.

पुढं वाघाचा पिंजरा. तुम्ही गज धरून टक लावून बघताय. पुन्हा दिसेल न दिसेल, म्हणून डोळ्यांत साठवून घेताय. मी पदर मोकळा केला आणि दोन पावलं बाजूला झाले, तुमच्याबरोबर नसल्यासारखी. बगळ्यांच्या जाळीकडे बघितलं. किती वेळ? एक अथर्वशीर्षसुद्धा म्हणून झालं नसतं. वळले तर गजापाशी दुसरीच माणसं.

मी हाका मारत हत्तीपर्यंत गेले, माकडांपर्यंत गेले, परत वाघापाशी आले. मोरगावच्या गणपतीला म्हटलं, देवा, आबा सापडू देत, मी काय केलं ते त्यांना खरं सांगेन. तेवढ्यात फाटकाबाहेर ट्रामची घंटा वाजायला लागली. थांबेचना. धावत गेले. रुळांच्या दोन जोड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तुम्ही उभे. एक ट्राम तुमच्या कोपराशी थांबलेली, दुसरी समोरून येतेय, ड्रायव्हर ओरडतोय, आणि तुम्ही उपरण्याचं मोकळं टोक पुढं धरून माझ्या नावानं हाका मारताय. मी हाताला धरून तुम्हाला कडेला ओढलं. माझ्यासारखंच हिरवं लुगडं दिसलं, त्याच्यामागनं आलो, म्हणालात. मग टोक चाचपत म्हणालात, "गाठच ढिली बसली बग माजी. कुनब्याला गाठ मारता येईना व्हय? तुला काय झालं असतं तर?"

मी म्हणाले, "व्हय आबा. ढिलीच हुती."

यादीतलं पुढचं काही बघितलं नाही. चौपाटीवर नेते म्हटलं, तर म्हणालात, "नगं. वाघ बघितला, बास." परतीच्या गाडीत दौंडपर्यंत माझं मनगट सोडलं नाहीत. माझ्या लग्नापर्यंत तुमचं सगळं दिसणं गेलं होतं. नणंद आम्हा नवरा-नवरीची गाठ मारत होती, तर तुम्ही चाचपत पुढं आलात: "घट मार गं पोरी. माजी सुटली हुती मुंबईत." सगळा मांडव हसला. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, नवरी लाजली.

त्यानंतर तुम्ही आठ वर्षं होतात. दर चतुर्थीला मी मोरगावला जात होते, अजून जाते, पण देवाच्या डोळ्यांकडे बघत नाही. बोललेला नवस फेडायला पैसा लागत नव्हता, एक वाक्य लागत होतं. माहेरी येऊन तुमच्या पायाशी बसायची, तोंड उघडायची आणि विचारायची, चहा ठेवू का.

आता महिनाभर माझ्याही कडेचं दिसेना झालंय. ताट वाढताना डाव्या हाताची वाटी सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून येतं. मॅट्रिक झालेय, मला ते समजतं. तरी रात्रंदिवस वाटतं की हे तिथूनच आलंय, त्या पिंजऱ्यापासून. रविवारी गर्दीत मुलगा हात धरेल. त्याला कुणी हसलं, आणि त्यानं सोडला तर?

हे पान यादीचं म्हणून सुनेला देता येणार नाही. देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवते. गाठ ढिली नव्हती, आबा. खूप घट्ट होती. मला नखं लावून सोडवावी लागली, आणि तरी सुटेना तेव्हा दात लावले.