एक गॉगल पाण्यात

प्रिय तनुजा,

जर्मनीत तुझं मजेत चाललं असेल, कंपनी तुला जपतच असेल. बघ, सुरुवातीलाच जळकं बोलले. फोनवर हे सांगायला जीभ रेटली नसती, म्हणून वहीत लिहून फोटो पाठवतेय.

आपण दोघी एकाच तलावात शिकलो, पण पदकं नेहमी तुझी. दहावीनंतर तू पोहणं सोडलंस तेव्हा सगळ्याजणी हळहळल्या आणि मी गुपचूप देवाला नारळ फोडला. पुढे तुला हिंजवडीतली नोकरी मिळाली, माझ्या गळ्यात प्रशिक्षकाची शिट्टी. तरी सहा महिन्यांसाठी जाताना तू तुझी लेक शर्वरी माझ्याच बॅचला घातलीस. पहिल्या दिवशी तिचा हात पाण्यात पडला. थेट तुझा हात! माझी श्रद्धा दोन वर्षं घासतेय, आणि ही कालची पोर तिच्या बरोबरीला.

तिची एकच चूक होती. श्वास घेताना ती डोकं वर काढायची, मग कंबर बुडायची आणि वेग जायचा. मला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. बाकीच्या पोरांवर मी ओरडायचे, "मान उचलू नका, कुशीवर वळा, एक गॉगल पाण्यातच राहू दे!" शर्वरीला मात्र म्हणायचे, "छान." दोन महिने नुसतं छान. तुझ्या सासूबाई तिला रोज ताथवड्याहून घेऊन येतात. "जयमाला, आमची पोर बरी पवतीय न्हवं?" त्यांनाही तेच उत्तर. जिल्हा स्पर्धेला आमच्या तलावातून फ्रीस्टाइलला एकच मुलगी जाते गं, आणि ती श्रद्धाच असावी एवढंच माझ्या डोक्यात.

गेल्या सोमवारी बघते तर श्रद्धा शर्वरीचं कपाळ धरून पाण्यात उभी. "अगं, वर नाही, बाजूला बघ. आई मला घरी हेच सांगते." मला माझ्याच पोरीचा राग आला, खोटं कशाला बोलू. काल निवड झाली. शर्वरी हातभर पुढे आली. श्रद्धा टाळ्या वाजवत होती आणि मी स्टॉपवॉचकडे बघत राहिले.

शर्वरीचं नाव मी स्वतः पाठवलंय. पण स्पर्धेला महिना आहे, आणि भिंतीपाशी उलटं वळताना ती अजून अडखळते. आज सकाळी तिने विचारलं, "मावशी, माझं काय चुकतंय?" मला ठाऊक होतं. मी ऐकलंच नाही असं दाखवून दुसऱ्या पोरांकडे वळले. म्हणून हे पत्र. तिला उद्याच माझ्याकडून काढ, संध्याकाळच्या बॅचच्या सरांकडे घाल. सासूबाईंना कारण तूच सांग, माझी हिंमत नाही.

जळते, तरी तुझीच,
जयमाला