बेगोनियावरचा लाल्या

माय, सगळ्यात आधी कोण आलं असंल सांग? नवऱ्या मुलाची आजी! चारठाण्याची. माझ्या नातीला बघायला आलेले बाकीचे पाहुणे कोपऱ्यावर घर विचारायलेत, अन् ही बाई काठी टेकत थेट अंगणात. कुंडीतल्या बेगोनियाकडं बोट करून म्हणती, "अगं बया, ह्याच्यावर तर लाल्या पडलाय! उपटा की." मागून आलेले सगळे हसले. नात तर पदर तोंडाला लावून. मला मात्र पाणी द्यायचंबी सुधरंना.

तुझंच बोलणं ते. नामांतराचे दिवस होते. तुझे जावई तवा कॉलेजच्या बागेत माळी, त्यांनी रोप आणलेलं. पान मधी लाल, भवती चांदीचा पट्टा, काठ हिरवा. फुलाचं काई न्हाई, कवतिक सगळं पानाचं. मी दिवसातून धा खेपा बघायचे. तू पेडगावाहून चार दिवस राहायला आलीस. तुझा जन्म कापसात गेला. पान लाल झालं की रोग, एवढंच तुला ठावं. मी दळण आणायला गेले, तर तू एकूण एक पान खुडून मोरीपाशी टाकलंस. वर हसत सांगतीस, "वाचवलं बघ तुझं झाड." मी शेजारणीसमोर म्हणले, "अडाणी ती अडाणीच राहिलीस!" तू पिशवी भरलीस. दुपारच्या एसटीनं गेलीस. तुझी भाकरी झाकलेली तशीच राहिली.

अन् गंमत ऐक. मोरीपाशी कायम ओल. त्या फाटलेल्या पानांच्या शिरांतून बारकी बारकी रोपं फुटली! एका झाडाची अकरा झाली, माय. दोन तुला दाखवायला डब्यात लावली, तर बंद लागला, एसट्या बंद. गाड्या सुरू झाल्या त्या सकाळीच तू गेल्याचा निरोप आला. मी डबे घेऊनच आले. तिथं कुणाला काय सांगू? तसेच परत आणले. आजची कुंडी त्यातलीच.

आज त्या आजीला मी म्हणले, "बसा आत्या, ह्याची पानं असलीच असतेत." एवढं सोपं होतं. तुला का म्हणता आलं न्हाई, अजून उमगंना. हा कागद टाकायचा तरी कुठं? पण खरं सांगते, चहा ठेवायला मी मुद्दाम लय येळ लावला. म्हणलं, तिनंबी तुझ्यासारखं एखादं पान खुडावं. तिनं हातबी लावला न्हाई. पाहुणे गुरुवारी परत येतो म्हणलेत.